अक्षतांचे चौकोन

रवि. ३० ऑगस्ट १९९८
संक्रांतीनंतर आज. मधे काही घडलं नाही असं नाही. घडत होतं म्हणूनच लिहायचं राहिलं. तरी चूक ती चूक. क्षमा असावी. (कुणाची मागतेय? वाचणारी मीच.)

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं. चिकपेटेतल्या माहेरी खाली साड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड, दिवसभर जिन्यावर पाय. म्हणून आई सध्या माझ्याकडे मल्लेश्वरमला. काळा चष्मा लावून खिडकीशी बसते. हे म्हणाले, "आई, सिनेमातल्या दिसताय." आई : "हिरॉईन की कैदाशीण, तेवढं सांगा."

आईची एकच मागणी. नवा चष्मा लागला की पहिल्यांदा माझ्या भावाच्या, बाळूच्या लग्नाची कॅसेट बघायची. "त्यात अप्पा आहेत. आजवर धुक्यातनं बघितलंय." खरंच, वडिलांचं हलतं चित्र जगात तेवढंच. लग्नानंतर वर्षाच्या आत ते गेले. चष्मा दिवाळीच्या सुमारास मिळेल.

संध्याकाळी बाळू कॅसेट घेऊन आला. झाकण उचललं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.
"कुठं ठेवली होतीस रे?"
"रेशमी साड्यांच्या कपाटात, अक्का. गोळ्या घालून, कडुनिंबाचा पाला घालून. जपूनच ठेवली की!"
कापडवाल्याच्या घरचा जन्म. ह्याहून जास्त जपणं आम्हाला येत नाही.

बुध. २ सप्टें.
ह्यांचं मत : फीत फार वेळा चालणार नाही. एकदा चालवून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि सीडी करायची. ह्यांच्या फॅक्टरीतल्या मित्राकडून त्यासाठीचं कार्ड उसनं आलं आहे. बाळूकडे सीडीचा प्लेअर आहेच. कॉलेजच्या कामातून मला वेळ असतो म्हणून काम माझ्याकडे. ('वेळ असतो' हे कुणी ठरवलं? पण मनातून हवंच होतं. कबूल.)

सीडी लिहिण्याचं यंत्र आपल्याकडे नाही, ते शिवाजीनगरच्या दुकानात. विचारायला गेले. दुकानदार मान वर न करता : "तीन घंटे की शादी? एकीच सीडी में बिठा देंगे मॅडम, टेन्शन नै लेने का."
खुशीत परत आले.

रवि. ६ सप्टें.
मी बाळूला म्हटलं, तीन तासांतला बराचसा भाग काढता येईल. भटजी समिधा शोधताहेत ते, आणि पंगतीतलं निम्मं.
बाळू ताडकन : "कुणालाही कापायचं नाही, अक्का. घरोघर अक्षत देऊन बोलावलंय त्यांना."
"अरे, तेव्हा बोलावलंस. आता फक्त—"
"जेवायला बसलेल्याला पाटावरनं उठवशील?"

तेवढ्यात दत्तूकाकांचा फोन. अप्पांचे धाकटे भाऊ. मानपानाचा वास त्यांना तीन गल्ल्या पलीकडून येतो. "काय ग, लग्न लहान करतेयस म्हणे. आमची पंगत आहे ना त्यात?" आहे, काका. "आणि मी जिलबीला नको म्हणतो ते?" तेही आहे.

ठरलं. सगळे. एका सीडीत.

शनि. १२ सप्टें.
फीत चालवली! ह्यांनी व्हीसीआरचं पोट उघडून स्पिरिटनं पुसलं. बुरशी मऊ फडक्यानं निघाली तेवढी काढली. बाळू आणि त्याची बायको विमल, दोघंही आली होती. श्वास धरून बसलो. चित्र थरथरत होतं, पण आलं. सगळ्यांच्या कल्ल्यांवर हसलो. बाळूची कंबर बघून विमल म्हणाली, "हे कोण वो बारीक पोरगं?"

डिस्कवर जागा कमी, म्हणून एक तुकडा घ्यायचा, दाबून लहान करायचा, मूळचा पुसायचा, मग पुढचा.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि विमल उठली. "कॉफी ठेवते." मला आठवलं, ती नेहमीच तिथं उठते. इतकी वर्षं ह्या घरी-त्या घरी ही कॅसेट लागली, अक्षतांच्या वेळी विमल स्वयंपाकघरात.

कारण मला ठाऊक आहे, आणि तिला वाटतं कुणालाच ठाऊक नाही. ही बेळगावची, नोकरी करणारी. अप्पांना पसंत नव्हती. "दुकानाच्या घरात ऑफिसवाली रुळायची नाही." लग्नाला उभे राहिले, पण गप्प. नंतरही गप्पच, आणि मग गेलेच. त्यांच्या मनात काय होतं ते विमलला कधी कळलं नाही. अक्षतांच्या त्या गर्दीत अप्पांचा चेहरा क्षणभर दिसतो. आई म्हणते हसताहेत, बाळू म्हणतो रडताहेत. व्हीसीआर थांबवला की नेमक्या तिथं आडव्या रेघा. बघून बघून फीत सगळ्यात जास्त तिथंच झिजलीय.

विमल कधी काही म्हणत नाही. कॉफी मात्र छान करते.

मंगळ. १५ सप्टें.
फाइल फार मोठी. एका सीडीच्या जवळजवळ तिप्पट.
सरळ विचार केला : चित्र लहान केलं की फाइल लहान. चित्र निम्म्या आकाराचं करून रात्रभर कॉम्प्युटर लावून ठेवला. सकाळी बघते तर पोस्टाच्या तिकिटाएवढी माणसं, आणि फाइल होती तेवढीच! एक कण कमी नाही.
हे दाढी करता करता : "तू मुलांना गणित शिकवतेस ना?"
मी पिशवी उचलून कॉलेजला निघाले. 

गुरु. १७ सप्टें.
कळलं!! तासाला जाताना, आठव्या क्रॉसच्या चढावर, फुलवाल्यांच्या गर्दीत. एकटीच हसले, फुलवाली बघत राहिली.

चित्र केवढं आहे ह्याचा फाइलच्या आकाराशी संबंधच नाही. दर सेकंदाला किती माहिती वाढायची ते मीच आधी ठरवून दिलं होतं. त्यालाच बिटरेट म्हणतात. तो दर गुणिले एकूण सेकंद, झाली फाइल. संपलं. तिसरीतलं गणित. चित्र लहान केलं तरी मी तेवढंच वाढत राहिले. लहान मुलाच्या पानात पैलवानाचा भात.

म्हणजे पंगतच की ही. सीडी म्हणजे खिरीचं पातेलं, ते ठरलेलं. लग्न तीन तासांचं, म्हणजे पानं ठरलेली. कुणाला उठवायचं नाही असं बाळूनं सांगितलंय. मग हातात एकच गोष्ट उरते : पळी लहान करायची. नेहमीच्या सिनेमाच्या सीडीत सेकंदाला साडेअकराशे किलोबिट असतात आणि त्यात जेमतेम सव्वा तास मावतो. मी साडेचारशेवर आणते. (मेगाबाइटशी मेळ घालताना आठानं भागायचं विसरले, पुन्हा केलं. बिट वेगळा, बाइट वेगळा. ही चूक कुणाला सांगणार नाही.)

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग खीर पुरेल, पण कुणाला चव कळणार नाही."
तेव्हा मी हसले.

रवि. २० सप्टें.
हार्ड डिस्क खोलून, पंच्यात गुंडाळून, ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घालून बसनं शिवाजीनगर. मांडीवर तान्हं घेतल्यासारखी बसले. शेजारच्या सीटवरची कानडीत म्हणाली, "ऊटा?" जेवण का? हौद्री, होय हो, म्हटलं. अप्पा, दत्तूकाका, सगळी पंगत आहे आत.

सीडी घेऊन तशीच चिकपेटेत. बाळूनं लावली.

काय सांगू. भटजी समिधा शोधताहेत ते स्वच्छ! समोरचा पाट, कलश, सगळं सुबक. पण माणूस हलला की त्याचे चौकोन. वरात म्हणजे चालती फरशी. दत्तूकाकांचा एकच चौकोन झाला होता, आणि त्याखाली मिशी. विमल पदर तोंडात कोंबून हसत होती. बाळू : "काका म्हणतील, सगळ्यांना निदान नाक तरी दिलंय, मला नाही."

आणि अक्षता. हवेत हजार दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. अख्खा पडदा फुटला. नवरी नाही, नवरा नाही, अप्पा नाहीत. करड्या चौकोनांचं गोणपाट.

हसणं थांबलं. विमल तेव्हाही उठून गेली होती. परत आल्यावर तिनं विचारलं, "झालं?" बाळू म्हणाला, "झालं. काहीच दिसलं नाही." ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ लावत बसले बसमध्ये.

आईचा डोळा इतक्या वर्षांनी उघडणार, आणि मी तिला चौकोन दाखवणार?

गुरु. २४ सप्टें.
आत्ता नीट समजलं. जे स्थिर आहे त्याला थोडं पुरतं : मागच्या क्षणासारखंच, म्हणून पुढे. जे हलतं त्याला जास्त लागतं. आणि अक्षतांत सगळंच हलतं, मागच्या क्षणासारखं काही नाहीच. मी मात्र समिधांना आणि अक्षतांना एकच पळी दिली. कुणाचा अपमान नको म्हणून सगळ्यांना सारखं. आमच्या घरची रीत ती. ती चुकीची आहे असं अजूनही म्हणवत नाही, पण परिणाम समोर आहे.

उपाय सोपा वाटला. तीच फाइल पुन्हा मोठ्या दरानं करायची.

शुक्र. २५ सप्टें.
केली. फाइल चांगली टम्म फुगली. चौकोन तेच. आता भारी दरातले, रेखीव चौकोन.
हो, बरोबर. जे टाकून दिलं ते पळी मोठी केल्यानं परत कसं येईल? पुन्हा मूळ तुकड्यापासून करायला हवं. आणि मूळ तुकडे मी पुसलेत, नंतर ती तिप्पट फाइलही. शहाणपणानं, एकेक करून, जागा व्हावी म्हणून.
म्हणजे फीत पुन्हा चालवायची.
बाळूला सांगायचं आहे.

गुरु. १ ऑक्टो. दसरा
चिकपेटेत जेवण. दुकानातल्या मापाच्या गजाला, कात्रीला झेंडू, तसा ह्यांनी हट्टानं माझ्या कॉम्प्युटरलाही सकाळी एक हार घातला होता. "पूजा त्याची नाही, तुझ्या चिकाटीची." (लिहून ठेवते. असं वर्षातून एकदा बोलतात.)

जेवणानंतर सांगून टाकलं. एका सीडीत लग्न बसतं, पण माणसं बसत नाहीत. तीन कराव्या लागतील. आणि फीत आणखी एकदा चालवायला लागेल, तुटू शकते.
बाळू : "एक लग्न आणि तीन सीड्या? लोक काय म्हणतील?"
आई काळ्या चष्म्याआडून : "लग्न तीन दिवस चाललं होतं की रे. दिवसाला एक."
"आणि तुटली तर?"
 विमलच म्हणाली, पानं उचलता उचलता, "कपाटात ठेवून तरी काय जगणार हाय वो ती. चालवू दे अक्कास्नी."
पहिल्यांदाच ती ह्या कॅसेटविषयी काही बोलली.

रवि. ४ ऑक्टो.
फीत चालवली. मी, हे, बाळू. यंत्रातून करकर आवाज. अक्षता यायच्या आधी ठरवल्याप्रमाणे जागा सगळी मोकळी केली आणि तेवढा तुकडा पूर्ण घेतला, काही न टाकता. त्याची फाइल प्लेअरसाठी नाही, फक्त कॉम्प्युटरवर बघायची. म्हणजे साडेअकराशेचं बंधन नाही. वाढायचं तेवढं वाढ. दोन-तीन मिनिटांच्या प्रसंगाला इतकी जागा दिली की ह्यांनी विचारलं, "हे कोण पाहुणे?"
"अप्पा."
"मग ठीक."

पंगतीत फीत तुटली. दोन टोकं लोंबत होती. चिकटवली, पुढचं आलं, पण मधली काही मिनिटं गेली. कोणती? दत्तूकाका जिलबीला नको म्हणतात ती.
बाळू डोक्याला हात लावून बसला, आणि मग दोघंही इतकं हसलो की आई आतून विचारत राहिली, काय झालं, काय झालं.
आधीच्या चौकोनांच्या फाइलमधून तेवढा भाग घेऊन तिथं जोडला. काकांना कापलेलं नाही. फक्त एकच चौकोन, खाली मिशी.

बुरशीनं आता फितीला अक्षरशः पोखरलंय. ती पुन्हा चालणार नाही. जे घेतलं ते घेतलं.

बुध. ७ ऑक्टो.
तुकडा अजून बघितला नाही. चालतो एवढंच तपासलं, तेही पडद्याकडे अर्धी पाठ करून. आईच्या आधी बघणं बरोबर वाटत नाही. की भीती वाटते? अप्पांचा चेहरा खरंच रागीट असला तर? मग मी स्वच्छ, चढ्या दरानं, विमलला काय देणार आहे? चौकोनच बरे होते असं म्हणायची वेळ यायची.
आईला विचारलं. म्हणाली, "मी चाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी. रागीट चेहरा मला नवा नाही. लाव तू."

सोम. १२ ऑक्टो.
आईचा चष्मा आला. घरभर फिरते आहे. "ही भिंत कधी पिवळी केलीत?" "जावईबापू, तुमचे केस पिकले की हो!" हे म्हणाले, सरी, बरं तर, आता चष्मा परत करू या.

रवि. १८ ऑक्टो.
सगळे आमच्याकडे. फराळ थोडा लवकरच झालाय, तो पुढ्यात. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला. तीन सीड्या बाळूच्या हातात. त्या घरी जाऊन लावायच्या, आधी हे.

सुरू केलं. मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं. विमल उठली, "कॉफी ठेवते—"
आई : "बैस. कॉफी आज जावईबापू करतील."
हे निमूट आत गेले.

अक्षता. दाणा न् दाणा वेगळा! पिवळा, लाल, कुंकवाचा ओलेपणासुद्धा. मी थांबवलं. आडव्या रेघा नाहीत. एकेक चित्र पुढे सरकवत गेले. अप्पा. जरीची टोपी, ओठ थोडे उघडे, गालावर ओल की व्हिडिओवाल्याच्या दिव्याची चमक.
आई : "हसतायत."
बाळू : "रडतायत ग, ओठ बघ."
"तू ओठ बघ. मी माणूस बघतेय."

मग आईच म्हणाली, "हा हात कुणाचा?"
विमलच्या डोक्यावर पांढुरकं काहीतरी. इतकी वर्षं आम्ही तो दिव्याचा झोत समजत होतो; दाणे, रेघा, झिजलेली फीत. हात होता तो. आडवा धरलेला तळवा, बरोबर मुंडावळ्यांच्या वर. बोटात पोवळ्याची अंगठी. आमच्या घरात ती अंगठी एकाच बोटात होती. एकेक चित्र सरकवलं : दाणे हाताच्या पाठीवर आपटून उडताहेत. आणि अप्पा बघताहेत ते नवरीकडे नाही, उजवीकडे, तिथं दत्तूकाका गोलंदाजासारखा हात फिरवून अक्षतांची मूठ मारताहेत. अप्पांची भुवई वर चढलेली. 'दत्तू, स्वल्प दम धर' म्हणत असतील तर ओठ असेच दिसतील. तेव्हा हसणं की रडणं की दटावणं, तिन्हीला जागा आहे.

 विमल पडद्याच्या अगदी जवळ आली.
"अक्षता लागत हुत्या मला," ती म्हणाली. "कपाळावर, डोळ्यावर, लई लागत हुत्या. आणि मधेच थांबल्या. मला वाटलं, संपल्या."

हे कॉफी घेऊन आले. "साखर कुणाला कमी?"  ह्यांना काहीच माहीत नाही म्हणून पुन्हा लावलं. मग बाळूसाठी पुन्हा. आईसाठी पुन्हा. मग कुणासाठी असं नाही, नुसतंच. कॉफी निवली. विमलनं तीच गरम करून आणली, पण पडदा थांबवून ठेवायला सांगून गेली.

रात्री एकटीनं विचार करते आहे. एक हात. सिद्ध काय झालं? अप्पांनी कुठल्याही मुलीच्या डोक्यावर असाच हात धरला असता; पसंती वेगळी, दाणे लागू नयेत हे वेगळं. वर्गात मी एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू देत नाही. आणि फीत संपली. ह्याहून जास्त माहिती आता कुठूनही यायची नाही, दर कितीही वाढवा. ओठांचं काय ते आई आणि बाळू जन्मभर भांडोत.

पण निघताना विमल जिन्यावर थांबली. हळूच : "अक्का, आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लागंल का वो हे? दुपारच्या सुट्टीत एकटी आसते मी."
फ्लॉपीत मावणार नाही, म्हटलं. फार मोठी आहे फाइल.
"मोठीच ऱ्हाऊ दे," म्हणाली.

उद्या : शिवाजीनगर. विमलसाठी एक कोरी सीडी.